इंग्लंडमधल्या गावात नव्याने राहायला आलात? मग पॅरिश कौन्सिलची ओळख करून घ्या

आम्ही या गावात राहायला आलो त्याच आठवड्यात शेजारच्या आजोबांनी कुंपणापलीकडून विचारलं, "गुरुवारी पॅरिशच्या मीटिंगला येणार ना?" पॅरिश म्हणजे चर्च, एवढंच मला माहीत होतं. मी आभार मानून नाही म्हटलं आणि पुढची दोन वर्षं त्या बाजूला फिरकले नाही. त्या दोन वर्षांत माझ्या मुलीच्या शाळेच्या वाटेवर दिवे लावायचे की नाही, यावर त्याच बैठकीत तीनदा चर्चा झाली. डिसेंबरात इथे चारच्या सुमाराला अंधार पडतो. त्या अंधारात ती वाट रोज तुडवणारी मी, आणि चर्चा झाली तेव्हा घरी बसलेले. जुनं इतिवृत्त वाचताना हे कळलं तेव्हा मनाला फार लागलं. म्हणून हा लेख. नोकरीनिमित्त, शाळेसाठी किंवा घर परवडतं म्हणून शहर सोडून इंग्लंडमधल्या खेड्यात आलेल्या मराठी कुटुंबांसाठी तो लिहिते आहे.

पॅरिश कौन्सिल म्हणजे गावाच्या व्यवहारासाठी निवडून दिलेली समिती. तिच्याकडे मोठी सत्ता नाही, हे आधीच सांगते. पण सरकारी व्यवस्थेतली हीच एक जागा अशी आहे की जिथे तुम्ही चालत जाऊ शकता, आपलं नाव सांगून बोलू शकता आणि ऐकणारी माणसं तुमच्याच गल्लीत राहणारी असतात. काम पडल्यावर तिथे पहिल्यांदा जाणारा माणूस परका वाटतो. काम पडायच्या आधी दोन-तीनदा जाऊन बसलेला माणूस गावातला वाटतो. मला जे उशिरा कळलं ते एवढंच.

चर्चची पॅरिश वेगळी, ही वेगळी

गोंधळ होण्याला कारण आहे. कित्येक शतकं गावचा कारभार खरोखरच चर्चच्या आधाराने चालत होता. गावकऱ्यांची 'व्हेस्ट्री' नावाची सभा भरायची आणि तीच गोरगरिबांची मदत, रस्ते, दफनभूमी असल्या गोष्टी बघायची. १८९४ च्या कायद्याने हे दोन्ही वेगळे केले. धर्माचं काम चर्चकडे राहिलं आणि गावाच्या व्यवहारासाठी निवडून दिलेली पॅरिश कौन्सिल आली. तिच्या पहिल्या निवडणुका त्याच वर्षीच्या डिसेंबरात झाल्या. या कायद्याने विवाहित स्त्रियांनाही पॅरिशच्या निवडणुकीत मत देण्याचा आणि उभं राहण्याचा हक्क दिला. संसदेसाठी स्त्रियांना मत मिळायला त्यानंतर जवळपास पाव शतक लागलं. म्हणजे इंग्लंडच्या खेड्यातल्या बाईला लंडनच्या संसदेआधी गावात आवाज मिळाला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आजही चर्चची स्वतःची समिती असते आणि तिचं नावही थोडं तसंच, 'पॅरोकियल चर्च कौन्सिल'. तिचा आणि आपल्या विषयाचा संबंध नाही. पॅरिश कौन्सिलच्या बैठकीला जायला कोणताही धर्म लागत नाही.

आपल्याकडच्या ग्रामपंचायतीशी तुलना केली तर पटकन समजतं, पण ती तुलना अर्ध्या वाटेवर सोडायला हवी. क्लार्क म्हणजे साधारण ग्रामसेवक, वार्षिक गावसभा म्हणजे साधारण ग्रामसभा. फरक असा की इथे जन्म-मृत्यूच्या नोंदी, दाखले, उतारे यातलं काहीच पॅरिशकडे नसतं. थेट लोकांनी निवडलेला सरपंच नसतो. सदस्यच दरवर्षी मे महिन्यात आपल्यातून अध्यक्ष निवडतात. वरून येणाऱ्या योजना आणि निधीही नसतो. गावाने स्वतःच्या खिशातून काढलेल्या पैशावर बहुतेक कारभार चालतो.

पायरी पहिली: आपली पॅरिश कोणती ते शोधा

पत्त्यात लिहिलेलं गाव आणि पॅरिश एकच असेल असं धरून चालू नका. पोस्टाचा पत्ता टपाल खात्याच्या सोयीने ठरतो, तर पॅरिशची हद्द कधी ओढ्याने, कधी जुन्या शेताच्या बांधाने ठरलेली असते. सगळ्यात सोपा पुरावा तुमच्या घरी येऊन पडलेला असतो: कौन्सिल टॅक्सचं बिल. त्यात काउंटी, डिस्ट्रिक्ट, पोलीस, अग्निशमन अशा ओळी असतात आणि शेवटी कुठेतरी पॅरिशची एक लहान रक्कम. तिला 'प्रिसेप्ट' म्हणतात. ती ओळ असेल तर तुमच्या भागाला पॅरिश आहे. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशासंस्थेच्या निवडणूक नकाशावर पोस्टकोड टाकून हद्दही बघता येते.

नाव 'पॅरिश कौन्सिल'च असेल असंही नाही. 'व्हिलेज कौन्सिल', 'कम्युनिटी कौन्सिल', 'टाउन कौन्सिल' ही सगळी कायद्याने त्याच पायरीवरची. इंग्लंडभर अशा सुमारे दहा हजार आहेत. काही जेमतेम दोनशे घरांच्या, तर नॉर्थॅम्प्टनची टाउन कौन्सिल लाखाहून अधिक लोकांची. लंडनमध्ये तर कित्येक दशकं पॅरिश कौन्सिल स्थापन करायला कायद्यानेच मनाई होती. ती उठल्यानंतर वेस्टमिन्स्टरमधल्या क्वीन्स पार्क भागात २०१४ साली पहिली निवडून आली. अगदी लहान वस्त्यांना कौन्सिल नसते. तिथे मतदार स्वतःच 'पॅरिश मीटिंग' भरवून निर्णय घेतात.

पायरी दुसरी: कुणाचं काम कुणाकडे

नवीन माणसाचा सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. रस्त्यातला खड्डा, कचऱ्याची न उचललेली पेटी, शाळेतला प्रवेश, बंद पडलेली बस अशी सगळी गाऱ्हाणी घेऊन माणसं पॅरिशकडे येतात आणि यातलं एकही काम पॅरिशचं नसतं.

पॅरिशच्या वर जिथे कौन्सिलचे दोन स्तर आहेत तिथे रस्ते, शाळा, ग्रंथालयं, वृद्धांची देखभाल काउंटीकडे. कचरा, बांधकाम परवानग्या, कौन्सिल टॅक्सची वसुली, मतदार यादी डिस्ट्रिक्टकडे. जिथे हे दोन्ही एकत्र झालेत तिथे एकच 'युनिटरी' कौन्सिल असते. बकिंगहॅमशरमध्ये २०२० पासून, नॉर्थ यॉर्कशर आणि सॉमरसेटमध्ये २०२३ पासून असं आहे आणि इतर काउंट्यांनीही त्याच वाटेने जावं असं सरकारचं धोरण आहे. तेव्हा आपल्या भागात आज काय आहे ते एकदा बघून घ्या.

मग पॅरिशकडे उरतं काय? खेळाचं मैदान आणि मुलांचे झोपाळे, गावचं हिरवं पटांगण, बसथांब्याची शेड, बाकं, कुत्र्यांच्या घाणीच्या पेट्या, काही ठिकाणचे पाऊलवाटेवरचे दिवे, दफनभूमी, अलॉटमेंटची (भाजी लावायला भाड्याने मिळणारी) जमीन, युद्धस्मारक, सार्वजनिक घड्याळ, हृदय बंद पडल्यास वापरायचं डीफिब्रिलेटर. यादी किरकोळ वाटते. पण लहान मूल किंवा म्हातारी आई घरात असेल तर रोजच्या दिवसात याच गोष्टी लागतात.

खड्ड्यासाठी काउंटीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक पॅरिशच्या क्लार्कला कळवा. एका घराची तक्रार आणि पॅरिशने पाठपुरावा केलेली तक्रार यात फरक पडतो, हा माझा अनुभव आहे.

पायरी तिसरी: मतदार यादीत नाव घाला

पुष्कळ मराठी मंडळींना हे माहीतच नसतं. भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे भारतीय पासपोर्ट असणारी, वैध व्हिसावर इंग्लंडमध्ये राहणारी १८ वर्षांवरची व्यक्ती इथल्या सगळ्या निवडणुकांत मत देऊ शकते. पॅरिशपासून थेट संसदेपर्यंत. ब्रिटिश नागरिकत्वाची वाट बघायची गरज नाही. नोंदणी ऑनलाइन होते आणि पाच-दहा मिनिटं लागतात. खुल्या यादीत नाव नको असेल तर अर्जातच तसं सांगता येतं, म्हणजे जाहिरातवाल्यांच्या हाती पत्ता जात नाही.

मे २०२३ पासून इंग्लंडमध्ये स्थानिक निवडणुकीच्या मतदान केंद्रावर फोटो असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं. भारतीय पासपोर्ट चालतो. मुदत संपलेला असला तरी फोटोवरून तुम्ही ओळखू येत असाल तर चालतो. काहीच नसेल तर मोफत मतदार प्रमाणपत्र मागवता येतं, पण ते मतदानाच्या बरंच आधी मागवावं.

यादीत नाव असण्याचा फायदा मतदानापुरता नाही. पुढे ज्या हक्कांबद्दल सांगणार आहे, ते बहुतेक 'पॅरिशच्या मतदारा'चे हक्क आहेत.

पायरी चौथी: फलक वाचा, क्लार्कला ओळखा

दुकानापाशी, बसथांब्यापाशी किंवा व्हिलेज हॉलच्या भिंतीवर काचेचं दार असलेला एक फलक असतो. फिरायला जाताना तिथे दोन मिनिटं थांबायची सवय लावा. बैठकीची सूचना आणि अजेंडा किमान तीन पूर्ण दिवस आधी लावावाच लागतो. सूचना लावल्याचा दिवस, बैठकीचा दिवस, रविवार आणि बँक हॉलिडे या तीन दिवसांत धरत नाहीत. म्हणून गुरुवारची बैठक असेल तर अजेंडा बहुधा आधीच्या शुक्रवारीच लागलेला दिसतो. तोच कौन्सिलच्या संकेतस्थळावरही असतो.

अजेंडा महत्त्वाचा का, तर त्यावर नसलेल्या विषयाचा निर्णय कौन्सिल घेऊच शकत नाही. चर्चा निघाली तरी ठराव होत नाही. तुमचा विषय घ्यायला हवा असेल तर बैठकीच्या दहा-बारा दिवस आधी क्लार्कला ईमेल लिहा.

आणि हा क्लार्क म्हणजे कोण? पॅरिशचा पगारी नोकर, बहुतेक ठिकाणी एकच, तोही अर्धवेळ, पुष्कळदा घरूनच काम करणारा. अजेंडा, इतिवृत्त, हिशेब, पत्रव्यवहार, कायद्याचा सल्ला, सगळं त्याच्याच डोक्यावर. उत्तराला चार दिवस लागले तर रागावू नका. थोडक्यात लिहा, एका पत्रात एकच विषय मांडा, ठिकाण नीट सांगा, जमल्यास फोटो जोडा. "मैदानाजवळ अंधार असतो" यापेक्षा "हॉलच्या मागच्या पायवाटेवरचा दुसरा खांब तीन आठवडे बंद आहे" याला उत्तर लवकर येतं.

पायरी पाचवी: पहिल्या बैठकीला जा

बैठका बहुधा महिन्यातून एकदा, संध्याकाळी सात-साडेसातला, व्हिलेज हॉलमध्ये भरतात. (दुसरी योग्य जागा परवडत असेल तर त्या वेळी दारू विकली जाऊ शकते अशा ठिकाणी बैठक घेता येत नाही, असा कायदाच आहे.) १९६० च्या कायद्याने लोकांना या बैठकींना बसण्याचा हक्क आहे. आधी नाव नोंदवावं लागत नाही. कर्मचाऱ्याचा पगार किंवा एखादं कंत्राट अशा गोपनीय विषयासाठी ठराव करून लोकांना बाहेर जायला सांगू शकतात. तेव्हा ते मनाला लावून घेऊ नका.

बसण्याचा हक्क आहे, बोलण्याचा नाही. हा फरक लक्षात ठेवा. पण जवळपास सगळ्या कौन्सिली सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं लोकांना बोलायला देतात, प्रत्येकी साधारण तीन मिनिटं. त्यानंतर मुख्य बैठक सुरू झाली की बाहेरच्यांनी मध्ये बोलायचं नसतं, आपल्याच विषयावर चुकीची माहिती दिली जात असली तरी. मला हे सुरुवातीला फार जड गेलं. आपल्या ग्रामसभेत मागून आवाज येतो, कुणीतरी उठून उभं राहतं, त्यात एक जिवंतपणा असतो. इथे अध्यक्षांकडे बघून, परवानगी मिळाल्यावर, एका माणसाने एका वेळी बोलायचं. सवय झाल्यावर यातली एक गोष्ट मला पटली: हळू आवाजाच्या माणसालाही त्याची तीन मिनिटं पूर्ण मिळतात. ज्यांची इंग्रजी अडखळते त्यांना तर याचा मोठा आधार आहे. मी पहिल्यांदा कागदावर लिहून नेलं होतं आणि सरळ वाचून दाखवलं. कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही.

बोलताना क्रम असा ठेवा: मी कोण, कुठे राहते, अडचण काय, कौन्सिलने नेमकं काय करावं. शेवटचा भाग पुष्कळ जण विसरतात. तक्रार ऐकून सगळे माना डोलावतात आणि पुढचा विषय सुरू होतो. "पुढच्या अजेंड्यावर हा विषय घ्यावा" किंवा "काउंटीला पत्र लिहावं" असं एक ठोस मागणं असलं तर क्लार्क ते टिपून घेतो. त्याच क्षणी उत्तर मिळेलच असं नाही, आणि न मिळणं म्हणजे नकार नव्हे.

पहिल्या एक-दोन बैठकींना मात्र काहीच न मागता बसा. कोण कशाबद्दल तळमळीने बोलतं ते बघा. एखाद्याला पायवाटांची काळजी असते, एखादी आजी वीस वर्षं दफनभूमीचं गवत बघत असते. बैठक संपल्यावर खुर्च्या उचलायला थांबा. खऱ्या ओळखी त्या दहा मिनिटांत होतात.

तुम्ही कदाचित चेशरमधल्या हँडफर्थच्या पॅरिशची ती ऑनलाइन बैठक पाहिली असेल. डिसेंबर २०२० मध्ये झालेल्या त्या बैठकीतल्या आरडाओरड्याची चित्रफीत फेब्रुवारी २०२१ मध्ये जगभर फिरली. त्यावरून सगळ्यांचं मोजमाप करू नका. बहुतेक बैठका शांत, थोड्या लांबलेल्या आणि मनापासून चाललेल्या असतात.

पायरी सहावी: बांधकामाचे अर्ज

गावात सगळ्यात जास्त जीव तापतो तो यावर. शेजारी मजला चढवतोय, शेतावर चाळीस घरांची वसाहत येतेय, असं कळलं की फलकाभोवती गर्दी होते. परवानगी देण्याचा अधिकार डिस्ट्रिक्ट किंवा युनिटरीकडे असतो. पॅरिशला फक्त मत विचारतात. पण ते मत फायलीत नोंदलं जातं आणि ते देताना गावाला काय वाटतं हे सदस्य बघतात.

हरकत घ्यायला साधारण २१ दिवस मिळतात. पॅरिशची बैठक महिन्यातून एकदाच, म्हणून दोन्ही तारखा जुळवून बघा. पॅरिशला सांगाच, पण अर्ज क्रमांक शोधून स्वतःही डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर लिहा. तुमचं पत्र तिथे नावानिशी सगळ्यांना दिसतं, हे लक्षात ठेवून भाषा वापरा.

काय लिहिलं तर विचारात घेतात? खिडकीतून थेट तुमच्या घरात दिसणार, उजेड अडणार, रस्त्यावर गाड्यांची अडचण होणार, पाणी तुंबणार, जुन्या इमारतीला बाधा येणार. काय लिहिलं तर बाजूला ठेवतात? माझ्या घराची किंमत कमी होईल, माझ्या खिडकीतून दिसणारं दृश्य जाईल, अर्जदार चांगला माणूस नाही. एकाच मजकुराच्या पन्नास पत्रांपेक्षा स्वतः रस्त्यावर उभं राहून लिहिलेलं एक नेमकं पत्र जास्त उपयोगी पडतं.

उलट बाजूही असते. तुम्हाला स्वतःचं स्वयंपाकघर वाढवायचं असेल तर अर्ज टाकण्याआधी नकाशा घेऊन शेजाऱ्यांकडे चहाला जा आणि पॅरिशच्या बैठकीलाही हजर राहा. घर 'लिस्टेड' (जुनं म्हणून कायद्याने जपलेलं) असेल तर परवानगीशिवाय खिडकी बदलणंही गुन्हा ठरू शकतो. 'कॉन्झर्वेशन एरिया'त, म्हणजे जुनं रूप जपलेल्या भागात असाल तर झाड तोडण्याआधी सहा आठवडे डिस्ट्रिक्टला कळवावं लागतं. घर घेताना वकिलाच्या कागदांत हे सगळं असतं, पण ते कागद आपण घाईत वाचतो.

गावाला एकेका अर्जामागे धावायचं नसेल तर २०११ च्या लोकलिझम कायद्याने दिलेला मोठा मार्ग आहे: 'नेबरहूड प्लॅन'. पॅरिश पुढाकार घेते, गावकरी मिळून घरं कुठे आणि कशी यावीत याचे नियम लिहितात, परीक्षकाकडून ते तपासले जातात आणि मग गावात सार्वमत होतं. मंजूर झालं की ते नियम परवानगी देणाऱ्यांना विचारात घ्यावेच लागतात. कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्हजने २०१६ साली याच मार्गाने ठरवलं की नवी घरं बारमाही राहणाऱ्यांसाठीच असावीत, सुट्टीपुरती येणाऱ्यांसाठी नाही. सार्वमतात ८० टक्क्यांहून अधिक मतं बाजूने पडली. त्याला न्यायालयात दिलेलं आव्हानही टिकलं नाही. बिल्डरांकडून जिथे 'कम्युनिटी इन्फ्रास्ट्रक्चर लेव्ही' (नव्या बांधकामावरची, सार्वजनिक सोयींसाठीची आकारणी) घेतली जाते, तिथे त्यातला १५ टक्के वाटा पॅरिशला मिळतो आणि असा प्लॅन मंजूर असेल तर २५ टक्के. गावात प्लॅनचं काम चालू असेल तर त्या गटात नक्की शिरा. तरुण कुटुंबं तिथे फार कमी असतात आणि मुलांना सायकल चालवायला जागा हवी हे सांगणारं कुणीतरी तिथे असायला हवं.

पायरी सातवी: काय मागता येतं, आणि कधी

पॅरिशचं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, पण पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक नोव्हेंबर ते जानेवारीत ठरतं. पैसे लागणारी मागणी मार्चमध्ये नेली तर "पुढच्या वर्षी बघू" असं उत्तर मिळणारच. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, अंदाजे खर्चासह न्या.

मराठी घरांना मी सगळ्यात आधी सुचवते ती अलॉटमेंट. भाजी लावायला वर्षाच्या थोड्या भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा. पूर्ण तुकडा जुन्या मापाने दहा रॉडचा, म्हणजे साधारण २५० चौरस मीटर. अनेक ठिकाणी अर्धाही मिळतो आणि नवख्यासाठी तोच बरा. प्रतीक्षायादी असतेच, म्हणून गावात आल्या आल्या नाव टाका. गावात अलॉटमेंट नसतील तर १९०८ च्या कायद्याप्रमाणे सहा मतदारांनी किंवा करदात्यांनी मिळून लेखी मागणी केली की पॅरिशला ती विचारात घ्यावीच लागते. मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा इथल्या उन्हाळ्यात छान येतात, लाल भोपळाही धरतो. फक्त कोवळी भोपळ्याची रोपं मेच्या मध्यापर्यंत घरातच ठेवा. उशिरा पडणारं दव गोठतं आणि एका रात्रीत सगळं काळं पडतं. शेजारच्या वाफ्यावरच्या माणसाला मेथीची जुडी द्या. तो तुम्हाला रुबार्ब देईल आणि बटाटे कधी लावायचे तेही सांगेल.

लाल टेलिफोन बूथचं उदाहरणही सांगण्यासारखं आहे. वापरात नसलेले बूथ बीटी ही टेलिफोन कंपनी एका पौंडाला गावाच्या संस्थांना देते. सॉमरसेटमधल्या वेस्टबरी-सब-मेंडिपने २००९ साली अशा बूथमध्ये पुस्तकं ठेवून चिमुकलं ग्रंथालय केलं. कित्येक गावांनी त्यात डीफिब्रिलेटर बसवलं आहे. कल्पना एका गावकऱ्याच्या डोक्यातून निघते, ठराव पॅरिश करते.

व्हिलेज हॉल हवा असेल, दिवाळीसाठी किंवा गणपतीच्या आरतीसाठी, तर आधी विचारून घ्या की तो पॅरिशचा आहे की वेगळ्या धर्मादाय विश्वस्तांचा. पुष्कळदा तो विश्वस्तांचा असतो आणि आरक्षण त्यांच्याकडेच करावं लागतं.

पायरी आठवी: वर्षातल्या तीन तारखा

वार्षिक पॅरिश मीटिंग १ मार्च ते १ जून या काळात होते. ही कौन्सिलची बैठक नसून मतदारांची सभा असते. इथे तुम्हाला बोलण्याचा आणि मत देण्याचा हक्क आहे. एरवीही सहा मतदार मिळून अशी सभा बोलावू शकतात. दुसरी गोष्ट हिशेबाची: उन्हाळ्यात ३० कामकाजी दिवस कौन्सिलची वह्या-बिलं कुणाही मतदाराला तपासता येतात आणि जुलैचे पहिले दहा कामकाजी दिवस त्यात असावेच लागतात. भांडायला जाऊ नका, शिकायला जा. गवत कापायला किती आणि विम्याला किती जातात हे एकदा पाहिलं की पुढच्या मागण्या आपोआप शहाण्या होतात.

आणि नोव्हेंबरचा दुसरा रविवार. सकाळी अकराला गाव युद्धस्मारकापाशी दोन मिनिटं शांत उभं राहतं, पॅरिशचे अध्यक्ष पुष्पचक्र वाहतात. आपला तिथे काय संबंध, असं मनात आणू नका. पहिल्या महायुद्धात अविभाजित भारताचे सत्तर हजारांहून जास्त सैनिक गेले. दुसऱ्या महायुद्धात रायगडचे नाईक यशवंत घाडगे १९४४ साली इटलीत लढताना पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा शौर्याचा सर्वोच्च ब्रिटिश सन्मान मिळाला. मी मुलीला हे सांगते आणि आम्ही दोघी तिथे उभ्या राहतो.

शेवटची पायरी: सदस्य व्हायचं असेल तर

वर्षभर बैठकींना गेलात की कुणीतरी विचारेलच. निवडणूक चार वर्षांनी, बहुधा मेच्या पहिल्या गुरुवारी. अर्जावर एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो, दोघंही त्याच पॅरिशचे मतदार. अनामत रक्कम नाही. पण मत देणं आणि उभं राहणं यांचे नियम वेगळे आहेत: भारतीय पासपोर्टवर उभं राहायचं असेल तर कायमस्वरूपी वास्तव्याची परवानगी हवी. ठरावीक मुदतीच्या व्हिसावर मत देता येतं, उभं राहता येत नाही. शिवाय तुम्ही त्या पॅरिशचे मतदार असायला हवं, किंवा मागचे बारा महिने तिथे किंवा तीन मैलांच्या आत राहत असायला हवं, किंवा तिथे तुमचं मुख्य काम अथवा जमीन असायला हवी.

मध्येच जागा रिकामी झाली तर फलकावर सूचना लागते. १४ कामकाजी दिवसांत दहा मतदारांनी निवडणूक मागितली नाही तर उरलेले सदस्यच कुणाला तरी घेतात. त्याला 'को-ऑप्शन' म्हणतात आणि लहान गावांत अर्धेअधिक सदस्य याच वाटेने येतात असंही दिसतं. क्लार्कला एक पानाचं पत्र लिहायचं: मी कोण, गावात किती वर्षं आहे, मला कशात रस आहे. मग बैठकीत मतदान होतं.

मानधन बहुतेक ठिकाणी नसतं. महिन्याला एक बैठक, तिच्या आधी दोन-तीन तासांचं वाचन आणि दुकानात दूध आणायला गेल्यावर कुणीतरी थांबवून सांगितलेलं गाऱ्हाणं, एवढा वेळ धरून चाला. निवड झाली की क्लार्कसमोर पदस्वीकाराच्या कागदावर सही करायची आणि २८ दिवसांत आपल्या हितसंबंधांची नोंद द्यायची: नोकरी, घर, जमीन, जोडीदाराचंही. ही नोंद सार्वजनिक होते. ज्या विषयात तुमचा आर्थिक संबंध आहे त्यात चर्चा आणि मतदान दोन्ही करायचं नाही, ते लपवणं गुन्हा आहे. सलग सहा महिने बैठकीला गेला नाहीत आणि कौन्सिलने कारण मान्य केलं नाही तर पद जातं. उन्हाळ्यात लांब सुट्टीवर भारतात जाणार असाल तर क्लार्कला आधीच लेखी कळवून ठेवा.

माझी निवड को-ऑप्शननेच झाली. त्या संध्याकाळी सही करून खुर्चीत बसले तेव्हा अजेंड्यावर सातव्या क्रमांकाला शाळेच्या वाटेवरचे दिवे होते.